सेकंडहँड लेस पॉल: नेक गढूळ, ब्रिज कर्कश. हंबकर कोणते बसवावेत?

मध्यमस्वर:

एपिफोनची लेस पॉल आहे, सेकंडहँड घेतलेली. दोन हंबकर (दोन कॉइलींचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे भाग; एक नेकजवळ, एक ब्रिजजवळ), दोन्हींवर धातूची झाकणं, दोन व्हॉल्यूम, दोन टोन, पिकअप निवडायचा तीन जागांचा टॉगल स्विच. तारा १०-४६. ट्यूनिंग स्टँडर्ड, कधीतरी अर्धा सूर खाली. १५ वॉटचा ट्यूब अँप, मध्ये ओव्हरड्राइव्ह आणि डिले, केबल ६ मीटरची.

तक्रारी दोन. नेक पिकअपवर क्लीन वाजवताना खालच्या तीन तारा एकमेकींत मिसळतात. कॉर्ड एकेक तार छेडत वाजवली तरी सूर सुटे ऐकू येत नाहीत. आणि ब्रिजवर गेन वाढवला की वरच्या दोन तारा कानात टोचतात. अँपजवळ उभं राहिलं तर शिट्टीही येते.

वापर ऑर्केस्ट्रासाठी, म्हणजे लग्नं आणि गणपती. एकाच कार्यक्रमात जुनी हिंदी-मराठी गाणी क्लीनवर आणि मध्येच डिस्टॉर्शनवर सोलो. घरी हार्ड रॉक.

केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावून मोजलं: नेक ७.९ किलोओम, ब्रिज १३.९. सीमोर डंकनचा जेबी १६.४ चा आहे असं वाचलं, म्हणजे तो आणखी दणदणीत असणार ना? ब्रिजला जेबी आणि नेकला त्याच कंपनीचा ५९ घ्यायचा विचार आहे. बजेट जोडीला वीस हजारांपर्यंत. सोल्डरिंग येतं, पण गिटारवर कधी केलेलं नाही.

---

सोल्डर_आणि_चहा:

ऑर्डर देण्याआधी फुकटातल्या चार गोष्टी करून घ्या. निम्म्या वेळा पिकअप बदलायची गरजच उरत नाही.

पहिली गोष्ट उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून पिकअपच्या स्क्रूच्या डोक्यापर्यंत अंतर मोजा. गिब्सन घाटाच्या गिटारवर सुरुवातीचं माप ब्रिजला १.६ मिमी, नेकला २.४ मिमी. सेकंडहँड गिटारवर नेक पिकअप बहुतेक वेळा तारेला चिकटेल इतका वर आणलेला सापडतो, आवाज मोठा यावा म्हणून. नेकच्या जागी तार जास्त हलते, त्यामुळे पिकअप जवळ आला की आधी फुगतो तो खर्ज. तुमच्या तक्रारीसाठी नेकची जाड तारांकडची बाजू ३ मिमीपर्यंत खाली घ्या, बारीक तारांकडची २.२ च्या आसपास ठेवा. मग जाड तीन तारांखालचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा वर काढा. ही शेवटची पायरी गंमतशीर आहे. अख्खा पिकअप खाली आणि फक्त स्क्रू वर असं केलं की स्क्रूवाली कॉइल पुढे येते, दुसरी मागे राहते, आणि तारा जरा सुट्या होतात.

दुसरी गोष्ट पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या चावीखालचा बदलता रोध. मागचं झाकण उघडा आणि चारही पॉटांच्या पाठीवर किंवा कडेला काय छापलंय ते वाचा. हंबकरला ५०० के (किलोओम) लागतो. 'ए' म्हणजे ऑडिओ टेपर, 'बी' म्हणजे लिनियर. मीटरने तपासायचं तर पिकअपची वायर आधी सोडवावी लागेल, नाहीतर मीटर पॉटऐवजी पिकअपच मोजेल आणि ८ के दाखवेल.

तिसरी, केबल. ६ मीटर हा हंबकरसाठी लहान आकडा नाही. खाली कुणीतरी हिशोब मांडेलच.

चौथी, शिट्टी. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून ब्रिज पिकअपच्या झाकणावर नखाने टिचकी मारा. टकटक अँपमधून मोठ्याने आली, किंवा पिकअपजवळ तोंड नेऊन बोललेलं स्पीकरमधून ऐकू आलं, तर पिकअप मायक्रोफोनिक आहे: आतली तार किंवा झाकण सुटं होऊन थरथरतंय. त्यावर उपाय मेणाचा. पॅराफिन ८० टक्के, मधमाश्यांचं मेण २० टक्के, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात ६० ते ६५ अंशांवर वितळवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं, पिकअप त्यात बुडवून ठेवायचा. तापमान याहून चढलं तर कॉइल गुंडाळलेला प्लास्टिकचा बॉबिन वाकतो आणि पिकअप कायमचा जातो, म्हणून थर्मामीटर हवाच. मेण थेट गॅसवर कधीही ठेवू नका, ते पेट घेतं.

---

बावीसनॅनो:

किलोओमचा गैरसमज आधी काढू.

मीटरवर दिसतो तो तांब्याच्या तारेचा डीसी रोध. तो दोन गोष्टींवर ठरतो: तार किती लांब आणि किती बारीक. पिकअपला ४२, ४३ आणि ४४ नंबरची तार वापरतात. नंबर वाढला की तार बारीक. ४२ ची जाडी साधारण ०.०६३ मिमी, ४४ ची ०.०५० मिमी. तेवढेच वेढे बारीक तारेने घेतले तरी रोध दीडपटीच्या वर जातो, आणि आवाजात मात्र दीडपट असं काही होत नाही. जेबीचे १६.४ के बऱ्याच अंशी ४४ नंबरच्या तारेचे आहेत.

डिमार्झिओ या दुसऱ्या पिकअप कंपनीचे आकडे शेजारी ठेवले की मुद्दा स्वच्छ दिसतो. टोन झोनचा रोध १७.३ के, सुपर डिस्टॉर्शनचा १३.७ के. कंपनीने दिलेलं आउटपुट मात्र टोन झोनचं ३७५ मिलिव्होल्ट आणि सुपर डिस्टॉर्शनचं ४२५. कमी रोधाचा पिकअप जास्त जोरात वाजतो, कारण त्यात सिरॅमिक मॅग्नेट आहे आणि टोन झोनमध्ये अल्निको ५ (अ‍ॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा मॅग्नेट).

मॅग्नेटचं काम ऐकायचं असेल तर डंकनचं कस्टम कुटुंब बघा. एसएच-५, एसएच-१४ आणि एसएच-११ हे तिन्ही सुमारे १४ के, कॉइल एकच. पहिल्यात सिरॅमिक, दुसऱ्यात अल्निको ५, तिसऱ्यात अल्निको २. पहिला घट्ट खर्जाचा आणि धारदार. दुसऱ्यात खर्ज भरपूर आणि मधला पट्टा थोडा मागे. तिसऱ्याची वरची धार बोथट, मधले सूर पुढे. मीटरला तिघेही जवळपास सारखेच.

रोधापेक्षा उपयोगी आकडा इंडक्टन्सचा, म्हणजे हेनरीचा. पिकअप, पॉट आणि केबल मिळून एक फिल्टर तयार होतो. त्याचं शिखर कुठे येतं यावर गिटार उजळ की मंद हे ठरतं. जुन्या घाटाच्या हंबकरचा इंडक्टन्स साधारण ४.४ हेनरी धरा. केबलची कपॅसिटी मीटरला १०० पिकोफॅरड, आणि पिकअप व आतल्या वायरिंगची मिळून १५० धरा. ३ मीटर केबलवर शिखर सुमारे ३.६ किलोहर्ट्झला येतं. ६ मीटरवर २.८ ला उतरतं. म्हणजे नुसती केबल लांब केली तर पिकअप बदलल्याइतका फरक पडतो! जेबीसारख्या ८ हेनरीच्या वरच्या पिकअपचं शिखर ३ मीटरवरच २.६ च्या आसपास असतं. कॅटलॉगात दिलेली शिखरं याहून बरीच वर दिसतात, कारण ती केबल न लावता मोजलेली असतात.

पॉट हे शिखर दाबतात. ५०० के चा व्हॉल्यूम आणि ५०० के चा टोन मिळून पिकअपवर २५० के चा भार येतो. टॉगल मधे ठेवला की दोन्ही जोड्या जोडल्या जातात आणि भार १२५ के चा होतो. मधली जागा थोडी मऊ वाटते त्याचं एक कारण हेच.

तुम्ही केबलवरून मोजलंत त्याबद्दल एक बारीकशी गोष्ट. व्हॉल्यूम पूर्ण उघडा असेल तर ५०० के चा पॉट पिकअपला समांतर येतो, त्यामुळे मोजमाप जरा कमी दिसतं: ७.९ दिसले तर खरे ८.०, १३.९ दिसले तर खरे १४.३. टोनचा पॉट मोजमापात येत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर आहे आणि तो डीसी अडवतो. उन्हाळ्यात मोजलेला आकडा थंडीतल्यापेक्षा मोठा येतो तेही स्वाभाविक आहे, तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तेव्हा पॉइंट दोन के च्या फरकावरून दोन पिकअपांची तुलना करण्यात अर्थ नाही.

---

ब्रिजवासी:

आता नावं घेऊया.

मूळ तक्रार 'ब्रिज टोचतो' अशी असेल तर जेबी हा पहिला पर्याय नाही. जेबीचा जोर वरच्या मधल्या पट्ट्यात आहे, सोलो ऑर्केस्ट्रातून बाहेर काढायला तो उत्तम, पण नेमकी तीच जागा ट्यूब अँपवर टोचू शकते. पुष्कळ लोक जेबीला मुद्दाम २५० के चा व्हॉल्यूम लावतात तो याच कारणाने. तुमच्या ब्रिजमध्ये सध्या सिरॅमिक असावा असा अंदाज आहे. १४ के आणि कर्कश, ही जोडी स्वस्त सिरॅमिक हंबकरची नेहमीची खूण.

माझी पसंती ब्रिजला एसएच-११, वर सांगितलेला अल्निको २ वाला. आउटपुट तुमच्या आताच्या पिकअपच्या जवळपास राहील, म्हणजे पेडलची सेटिंग फार हलवावी लागणार नाहीत, आणि वरच्या दोन तारा जाडसर होतील. हार्ड रॉकला खालची धडक जास्त हवी असेल तर एसएच-१४. क्लीन गाणी जास्त आणि डिस्टॉर्शन पेडलमधूनच घ्यायचं असेल तर सरळ ५९, ब्रिजचा, ८.१ के.

नेकला ५९ घेऊ नका असं म्हणणार नाही, पण तुमची तक्रार गढूळपणाची आहे आणि लेस पॉलच्या नेकला ५९ चा खर्ज भरपूर असतो. त्यापेक्षा एसएच-२ जॅझ. रोध ७.७ के, अल्निको ५, खर्ज आवरलेला, जाड तारा सुट्या ऐकू येतात. नाव जॅझ असलं तरी जॅझवाल्यांना आवडणारा गोलसर आवाज त्याचा नाही, उलट तो बऱ्यापैकी लख्ख आहे. डिमार्झिओकडून घ्यायचं झालं तर पीएएफ प्रो, ८.४ के.

जोडी निवडताना दोन्ही पिकअपांचं आउटपुट एकमेकांना साजेसं हवं. नेकच्या जागी तार जास्त हलते म्हणून सारख्याच दोन पिकअपांपैकी नेकचा मोठा वाजतो, यासाठीच ब्रिजचा थोडा जास्त वेढ्यांचा बनवतात. १४ के चा ब्रिज आणि ७.७ चा नेक हे चालतं, नेक जरा खाली ठेवायचा. ब्रिजला १६ च्या वरचा सिरॅमिक लावला तर नेकवर आल्यावर आवाज बसल्यासारखा वाटतो आणि मग माणूस नेक वर उचलतो. की पुन्हा गढूळ.

'पीएएफ' हा शब्द कॅटलॉगात जिथे तिथे दिसेल. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी हंबकर तयार केला, पेटंटचा अर्ज १९५५ चा, लेस पॉलवर तो १९५७ मध्ये आला आणि पेटंट मिळालं १९५९ मध्ये. मधल्या काळात पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी असे, तिची आद्याक्षरं म्हणजे पीएएफ. ४२ नंबरची तार, कॉइलमागे सुमारे ५००० वेढे, आणि हाताला लागेल तो अल्निको. वेढे काटेकोर मोजले जात नसत, म्हणून त्या काळचे पिकअप ७ ते ९ के मध्ये कुठेही सापडतात. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा नंबर छापायला लागले, तर तो पिकअपचा नाहीच, लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा! तेव्हा आज 'अस्सल पीएएफ आवाज' असं कुणी विकत असेल तर विचारावं, कुठल्या मंगळवारचा?

अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपांबद्दल कुणी सुचवेल म्हणून: ईएमजी ८१/८५ घट्ट आणि शांत आहेत, पण ९ व्होल्टची बॅटरी, स्टीरिओ जॅक आणि २५ के चे पॉट असं सगळंच बदलावं लागतं. ५०० के च्या पॉटवर ईएमजी लावला तर व्हॉल्यूमची चावी दिव्याच्या बटणासारखी वागते. तुमच्या कामाला गरज नाही.

---

सोल्डर_आणि_चहा:

+१, जॅझबद्दल पूर्ण सहमत. ब्रिजबाबत मात्र एक स्वस्त वाट आहे: मॅग्नेट बदला. हंबकरचा बार मॅग्नेट साधारण ६३ × १२.५ × ३.२ मिमी, सुटा मिळतो, किंमत पिकअपच्या मानाने किरकोळ. पाठीमागचे चार पितळी स्क्रू दोन-तीन फेरे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत, कारण बॉबिन हलला की केसासारखी बारीक तार तुटते. जुन्याची उत्तर बाजू होकायंत्राने ओळखून पेनने खूण करा, मग लाकडी काडीने तो बाजूने ढकलून बाहेर काढा आणि नवा त्याच दिशेने सरकवा. दिशा उलटली तर टॉगल मधे ठेवल्यावर आवाज पातळ होईल. झाकण असेल तर ते आधी काढावं लागतं, मागे दोन बाजूंना सोल्डरचे टाके असतात. जुन्याचं माप घेतल्याशिवाय नवा मागवू नका, स्वस्त पिकअपांत कधी पातळ सिरॅमिक आणि वर भरीची पट्टी असते.

---

मध्यमस्वर:

सगळ्यांचे आभार. उघडून पाहिलं, माहिती देतो.

नेकचा व्हॉल्यूम पॉट आधीच्या मालकाने बदललेला दिसतो, त्यावर बी२५०के छापलंय. बाकी तिन्ही ए५००के. नेक तारेपासून १.३ मिमीवर होता! ३ आणि २.२ वर आणला, अर्धा फरक तिथेच पडला. ब्रिज पिकअपच्या पाठीतून एकच जाडसर वायर येते, बाहेर जाळी आणि आत एक तार. टिचकी मारली की टकटक मोठी येते. ब्रिज पिकअपवर पहिल्या आणि सहाव्या तारेचं मधलं अंतर ४९.५ मिमी.

आता प्रश्न: पॉट बदलून नेक तसाच ठेवावा का? आणि ब्रिजला चार तारांचा पिकअप घेतला तर नेकच्या एका तारेशी त्याचं जुळेल का? पुश-पुल (चावी ओढून चालवायचा स्विच असलेला पॉट) लावून सिंगल कॉइल काढता आली तर ऑर्केस्ट्राला बरं पडेल.

---

बावीसनॅनो:

नेकचं कोडं सुटलं की. २५० के चा व्हॉल्यूम आणि ५०० के चा टोन, भार १६७ के. शिखर दबलेलं, वर पिकअप तारेला टेकलेला. आधी तो पॉट ए५००के करा, आठवडाभर वाजवा, मग नेकसाठी पैसे काढायचे का ते ठरवा. लिनियर पॉटमुळे आणखी एक त्रास होत असणार: चावी १० वरून ३ पर्यंत फिरवली तरी आवाज फारसा हलत नाही आणि शेवटी एकदम कोसळतो.

४९.५ म्हणजे साधा हंबकर घ्या. खांब जास्त रुंद असलेली आवृत्ती डंकन ट्रेमबकर या नावाने विकतो, सुमारे ५२.६ मिमी, आणि डिमार्झिओ एफ-स्पेस्ड म्हणतो, सुमारे ५१. ती ट्रेमोलोवाल्या, रुंद ब्रिजच्या गिटारसाठी.

जुळण्याचा प्रश्न फेजचा, म्हणजे दोन पिकअपांचा सिग्नल एकाच दिशेने हलतो की उलट. पिकअप लावण्याआधीच तपासा. मीटर २० के वर, लाल टोक गरम (सिग्नलच्या) तारेला, काळं टोक ग्राउंडला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर स्क्रूंच्या डोक्यांवर आडवा ठेवा आणि झटक्यात उचला. आकडा क्षणभर वर जातो की खाली ते पाहा. दुसऱ्या पिकअपवर तेच करा. दोन्ही एकाच दिशेने गेले तर फेज जुळली. उलटे गेले तर मधल्या जागी आवाज नाकातून आल्यासारखा, पातळ आणि खर्ज गायब असा येईल.

उलटं निघालं तर चार तारांच्या पिकअपची गरम आणि ग्राउंड ही दोन टोकं अदलाबदल करा, उघडी तार मात्र ग्राउंडलाच ठेवून. एकाच वायरीच्या जुन्या पिकअपवर ही अदलाबदल करायची नाही. त्याची जाळी झाकणाला जोडलेली असते, तीच गरम बाजू झाली तर झाकणाला हात लागताच घूं सुरू.

---

ब्रिजवासी:

रंगांचं कोष्टक डोक्यात पक्कं करा, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. डंकन: काळी गरम, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून ठेवायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओ: लाल गरम, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डंकनचं चित्र समोर ठेवून डिमार्झिओ जोडला की दोन कॉइली एकमेकींच्या उलट फेजमध्ये जातात आणि आवाज पातळ, क्षीण येतो.

सिंगल कॉइलसाठी जोडलेली ती दोन टोकं पुश-पुलच्या मधल्या पायाला आणि त्याच बाजूचा एक पाय ग्राउंडला. चावी ओढली की एक कॉइल ग्राउंडला बसते. ८ के च्या पिकअपची अर्धी कॉइल म्हणजे ४ के, आवाज बारीक पडतो. १४ च्या पिकअपची ७ के, ती कामाची. म्हणून तुमच्या ब्रिजला स्प्लिट (एकच कॉइल वाजवणं) शोभेल.

पण गणपतीच्या मांडवाचा विचार करा. हंबकर शांत का असतो? दोन कॉइली उलट्या गुंडाळलेल्या आणि मॅग्नेटची टोकं उलट, त्यामुळे मेन्सची ५० हर्ट्झची घूं दोघींत उलटी येऊन कटते आणि तारेचा सूर मात्र जुळून येतो. स्प्लिट केलं की हा फायदा गेला. डिमर, माळा आणि जनरेटरच्या शेजारी सिंगल कॉइल वाजवणं म्हणजे माशांच्या बाजारात बासरी. त्यापेक्षा कॉइली समांतर जोडा, तोच दोन बाजूंचा पुश-पुल पुरतो. १४ चा पिकअप मीटरवर ३.५ के दाखवेल, आवाज सिंगल कॉइलच्या जवळचा आणि घूं कटलेलीच. मात्र डिमरची चरचर कॉइलमधून नाही, वायरीतून आणि पोकळीतून येते. त्यासाठी खाचेला तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंड करावी लागते.

---

सोल्डर_आणि_चहा:

जोडणी करताना पाळायच्या गोष्टी, क्रमाने सांगतो.

आधी फोटो, चारही बाजूंनी. लेस पॉलमध्ये पिकअपची वायर आधी आपल्या व्हॉल्यूम पॉटला जाते, तिथून टॉगलला, तिथून जॅकला, हे लक्षात ठेवलं तर गुंता होत नाही. जुनी वायर कापू नका, टाका सोडवा. पिकअप परत विकायचा किंवा बसवायचा झाला तर लांबी लागते. काही एपिफोनमध्ये टाक्यांऐवजी छोटे प्लग असतात. तसे असले तर नवीन पिकअपसाठी जुळणारा प्लग शोधत बसू नका, पॉटवर थेट सोल्डर करा.

सोल्डर ६०/४०, ०.८ मिमी, आत रेझिन असलेलं. घरोघरी असतो तो २५ वॉटचा सोल्ड्रॉन (सोल्डरिंगची इस्त्री) पॉटच्या पायांसाठी ठीक, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा टाका घालायला कमी पडतो. धातूची ती वाटी उष्णता पिऊन टाकते. मग लोक इस्त्री १५ सेकंद टेकवून ठेवतात आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो, नंतर चावी खरखरते. ५०-६० वॉटचं, चपट्या टोकाचं घ्या. पाठ सँडपेपरने घासा, आधी पाठीला आणि वायरीला वेगवेगळं सोल्डर चढवा, मग तीन-चार सेकंदांत टाका होतो. टाका चमकदार आणि पसरट हवा, गोळी बसल्यासारखा दिसला तर परत करा.

लाल-पांढऱ्याच्या जोडावर आकसणारी नळी घाला. उघडी तार नागडी कुठेही लोंबू देऊ नका, तीही नळीत. ती गरम पायाला टेकली की आवाज शून्य. लाल-पांढरा जोड ग्राउंडला टेकला की आवाज अर्धा आणि घूं जास्त.

तारा चढवण्याआधी जॅक लावा, अँप हलक्या आवाजात, आणि स्क्रूड्रायव्हरने दोन्ही कॉइलींच्या खांबांवर टकटक करा. स्क्रूवाली रांग आणि गुळगुळीत खांबांची रांग, दोन्हींचा आवाज सारखा यायला हवा. केबलच्या टोकाला परत मोजा: १४ च्या ऐवजी ७ दिसले तर एक कॉइल ग्राउंडला गेली आहे, ३.५ दिसले तर समांतर जोडली गेली आहे. शेवटी तारांना हात लावून बघा. घूं कमी झाली पाहिजे, वाढली तर टेलपीसच्या खुंटीकडून येणारी ग्राउंडची वायर सुटली आहे.

---

तीनतारी:

पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॉट घ्यायला गेलात तर ५०० ऐवजी ४७० के हातात देतील. चालतो. एरवीही पॉटमध्ये २० टक्के इकडेतिकडे धरलेलंच असतं, मीटर घेऊन जा आणि चार-पाच मोजून मोठा निवडा. दोन गोष्टी तिथेच तपासा. रेडिओचा पॉट बहुधा लिनियर असतो आणि दांडी गुळगुळीत गोल असते, तुमची दात्यांची नॉब त्यावर बसत नाही. अमेरिकन सीटीएस पॉटचा दात्यांचा दांडा २४ दात्यांचा, मेट्रिकचा १८ चा, नॉब ठोकून बसवली तर फुटते. सीटीएसच्या गळ्याला ९.५ मिमीचं भोक लागतं, एपिफोनचं लहान असेल तर रीमरने हाताने वाढवा. ड्रिल लावला तर वरचा लाखेचा थर उडतो. टोनसाठी कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, त्यावर २२३ छापलेलं असतं, पॉलिएस्टरचा पाच-दहा रुपयांतला पुरतो.

---

मध्यमस्वर:

ठरवलं: नेकला आत्ता फक्त पॉट, ब्रिजला एसएच-११, समांतरासाठी पुश-पुल, केबल ३ मीटरची. एकच राहिलं. जुन्या पिकअपवर झाकण आहे, नवा झाकणाशिवाय येतो. झाकण घालून घ्यावं का? दिसायला जोडी जुळावी एवढंच.

---

बावीसनॅनो:

घालायचं तर निकेल सिल्व्हरचं घ्या. पितळी झाकणात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि वरचे सूर खातात, तुमच्या नेकच्या मंदपणात तेवढा वाटा पितळेचाही असू शकतो. झाकण विकत घेताना भोकांचं अंतर पिकअपच्या अंतराशी जुळवा, ४९ चं पिकअप आणि ५२ चं झाकण अशी जोडी बसत नाही. आणि आत मेणाचा थर हवा, नाहीतर शिट्टी परत येईल. सोपा मार्ग उलटा: नेकचंच झाकण काढून टाका. ते काढलं की नेक जरा उजळेलही.

---

ब्रिजवासी:

बसवताना उंचीचे स्क्रू आणि स्प्रिंग नवीन पिकअपबरोबर आलेलेच वापरा. एपिफोनचे स्क्रू मेट्रिक, डंकनच्या पायातले आटे अमेरिकन मापाचे. जुना स्क्रू दोन फेरे जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की पायातले आटे साफ होतात. नवा स्क्रू रिंगच्या भोकातून सहज सरकत नसेल तर भोक ३ मिमीच्या ड्रिलने हाताने फिरवून मोकळं करा.